अपराजितांची हार

मार्च महिना सरत आला म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून एक विशिष्ट प्रकारची धांदल सुरू होते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. वर्षभर निवांत पहुडलेल्या फायलींना एकाएकी पाय फुटतात, कोषागारापुढे देयकांचे गठ्ठे घेऊन माणसे तिष्ठत उभी राहतात, आणि एरवी घड्याळाकडे पाहून उठणारी मंडळी रात्री दहापर्यंत दिव्याखाली बसलेली दिसतात. ही गडबड निवते न निवते तोच दुसरे एक काम दत्त म्हणून पुढे येते. ते म्हणजे हाताखालच्या माणसांच्या वर्षभराच्या कामाचे मूल्यमापन. पूर्वी त्यास गोपनीय अहवाल म्हणत असत. आता नाव बदलले आहे, दहापैकी गुण देण्याची पद्धत आली आहे, आणि 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने देवदत्त यांच्या प्रकरणात दिलेल्या निर्णयापासून अहवालातील प्रत्येक नोंद संबंधितास कळविली पाहिजे असेही ठरले आहे. परंतु नाव बदलले, पद्धत बदलली, तरी लिहिणाऱ्यापुढचा मूळ प्रश्न काही बदललेला नाही. एका माणसाच्या एका वर्षाचे मोल कशावरून ठरवावयाचे? वर्षभर त्याने जे केले त्यावरून, की वर्षाच्या शेवटी त्याच्या हाती जे लागले त्यावरून?

हा प्रश्न आमच्या मनात नव्याने जागा झाला तो मात्र कचेरीतील एखाद्या प्रसंगामुळे नव्हे, तर अगदी दूरच्या आणि वरवर पाहता असंबद्ध अशा एका गोष्टीमुळे. आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव अमेरिकेत ओहायो राज्यात शिकावयास होते. सुटीत घरी आले असता त्यांनी तिकडच्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची हकीकत सांगितली. आम्ही ती प्रथम करमणूक म्हणून ऐकली, पुढे कुतूहल म्हणून तिच्याविषयी अधिक वाचले, आणि अखेर ती आमच्या मनात एखाद्या काट्यासारखी रुतून बसली. ती हकीकत अशी.

ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचे एक शहर आहे. एके काळी त्यास जगाची रबराची राजधानी म्हणत. 1870 साली गुडरिच यांनी तेथे रबराचा कारखाना आणला, पुढे 1898 मध्ये गुडइयर आणि 1900 मध्ये फायरस्टोन या कंपन्या तेथेच जन्मास आल्या, आणि मोटारीच्या युगाबरोबर हे शहर धावू लागले. तेथील विद्यापीठाच्या खेळाडूंना ‘झिप्स’ असे जे नाव पडले आहे, तेही त्याच शहरात तयार होणाऱ्या ‘झिपर’ नावाच्या रबरी पादत्राणांवरून. पुढे टायरांचे कारखाने एकामागून एक बंद पडले, वैभव ओसरले. अशा गावास आपल्या विद्यापीठाच्या संघाविषयी जो जिव्हाळा वाटतो, तो केवळ खेळापुरता नसतो, हे गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

आपण ज्यास फुटबॉल म्हणतो त्यास अमेरिकेत सॉकर म्हणतात, व महाविद्यालयीन संघांचा त्याचा हंगाम ऑगस्टअखेरीपासून डिसेंबरपर्यंत चालतो. आधी नेहमीचे सामने, मग आपल्या गटाची स्पर्धा, आणि शेवटी निवडक 48 संघांची राष्ट्रीय स्पर्धा. ही राष्ट्रीय स्पर्धा 1959 पासून भरते. तिच्यात एकदा हरला तो घरी गेला, असा नियम आहे. 2009 च्या हंगामात अ‍ॅक्रनचा संघ प्रशिक्षक केलेब पोर्टर यांच्या हाताखाली असा काही खेळला की नेहमीच्या सामन्यांत, गटाच्या स्पर्धेत आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या आरंभीच्या फेऱ्यांत त्यास कोणीही हरवू शकले नाही. उपान्त्य सामन्यात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाशी गाठ पडली तेव्हा मात्र कोणाचाच गोल झाला नाही, आणि पेनल्टी किकांच्या चुरशीत अ‍ॅक्रन पुढे सरकले. 13 डिसेंबर 2009 रोजी केरी या गावी व्हर्जिनिया विद्यापीठाविरुद्ध अंतिम सामना झाला. नव्वद मिनिटे संपली, गोल नाही. तिकडच्या त्या वेळच्या नियमानुसार दहा-दहा मिनिटांचे दोन जादा डाव झाले. पहिला गोल होताच खेळ संपावयाचा, परंतु तोही झाला नाही. एकशे दहा मिनिटे दोन्ही संघ एकमेकांस भारी पडले नाहीत. पुन्हा पेनल्टी किका. या खेपेस व्हर्जिनियाने तीन साधल्या व अ‍ॅक्रनने दोन, आणि विजेतेपद व्हर्जिनियास गेले.

येथवर या गोष्टीत नवल काही नाही. खेळ म्हटला की एक जिंकणार, एक हरणार. नवल पुढे आहे. फुटबॉलच्या नियमांप्रमाणे पेनल्टी किकांनी ठरविलेला सामना दप्तरी बरोबरीचा म्हणून नोंदविला जातो. पेनल्टी किका हा सामन्याचा भाग नव्हे, तर सामना संपल्यावर पुढे कोणी जावयाचे, करंडक कोणी न्यावयाचा, हे ठरविण्याची ती एक रीत आहे. त्यामुळे त्या वर्षीच्या दप्तरात अ‍ॅक्रनच्या नावापुढे पराभवांच्या रकान्यात शून्य आहे. संपूर्ण हंगामात तो संघ एकही सामना हरला नाही. आणि तरीही तो विजेता नाही. दोन्ही विधाने खरी आहेत, दोन्ही एकाच दप्तरात आहेत, आणि त्यांची सांगड घालण्याचे काम दप्तराने आपल्यावर सोडले आहे.

आता आपण त्या मुलांच्या जागी क्षणभर उभे राहून पाहू. त्यांनी आपल्या हंगामाविषयी काय समजावयाचे? तो सफल झाला, की विफल?

याला एक उत्तर असे देण्यात येते की शेवट हाच सर्व काही. फळ मिळाले तर झाड चांगले, नाही तर सरपण. हे उत्तर जगात सर्वत्र चालते आणि आपल्यातही ते फार खोल रुजलेले आहे. आपल्या भाषेत ‘पानिपत झाले’ म्हणजे धुळधाण झाली. 1761 च्या एका दिवसाने त्यापूर्वीच्या पन्नास वर्षांच्या कर्तृत्वावर जो पडदा टाकला, तो आपल्या भाषेने अडीचशे वर्षे वर उचलू दिलेला नाही. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत, 1771 साली, महादजी शिंद्यांच्या फौजा पुन्हा दिल्लीत दाखल झाल्या होत्या, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात राहिली, म्हणीत मात्र उतरली नाही. फुटबॉलच्या जगातही हंगेरीचा संघ 1950 च्या उन्हाळ्यापासून चार वर्षे कोणास हार गेला नव्हता. 4 जुलै 1954 रोजी बर्न येथे पश्चिम जर्मनीकडून तो दोनास तीन असा हरला, आणि त्या चार वर्षांची गोष्ट त्या एका दुपारपासून उलटी सांगण्याची प्रथा पडली.

दुसरे उत्तर याच्या नेमके उलट आहे. ते म्हणते, फळाचा विचारच कशाला? कर्म करावे, फळाची आसक्ती धरू नये. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी ज्या ग्रंथावर आपले भाष्य लिहिले, त्याची शिकवण हीच नाही का? या उत्तराविषयी आम्हांस नितांत आदर आहे, आणि ज्या कोणा खेळाडूने आपल्या मनाची समजूत याने घातली असेल त्यास आम्ही भाग्यवान समजू. परंतु एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. ही शिकवण कर्म करणारास उद्देशून आहे. कर्माचा न्याय करणारास उद्देशून ती नाही. मी माझ्या कामाच्या फळाविषयी उदासीन राहावे, हे थोर आहे. दुसऱ्याने त्याच्या कामाच्या फळाविषयी उदासीन राहावे, असे मी त्यास सांगणे, आणि तेही त्याचे फळ माझ्या लेखणीच्या टोकावर असताना सांगणे, यात थोरपणा कसला? वरिष्ठाने कनिष्ठास निष्कामतेचा उपदेश करावा, आणि स्वतःच्या बढतीचा कागद कोठे अडला आहे याची दर आठवड्यास चौकशी करावी, हे दृश्य आपण इतके वेळा पाहिले आहे की त्याचे हसूही येत नाही.

तेव्हा ही दोन्ही उत्तरे आम्हांस अपुरी वाटतात. पहिले उत्तर निकालास सर्वस्व मानते, दुसरे निकालच नाही असे धरून चालते. वस्तुतः निकाल असतो आणि तो लागतो. प्रश्न आहे तो निकालाचा अर्थ काय करावयाचा हा.

येथे ज्या रीतीने तो निकाल लागला तिचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे. पेनल्टी किकांनी बरोबरी सोडविण्याची पद्धत फुटबॉलच्या नियमांत 1970 साली आली. त्यापूर्वी एक तर सामना पुन्हा खेळत, नाही तर चक्क नशिबावर सोपवीत. 1968 च्या जून महिन्यात नेपल्स येथे युरोपीय स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात इटली व सोव्हिएत संघ यांची बरोबरी झाली, तेव्हा नाणे उडविण्यात आले. कौल इटलीस मिळाला, व पुढे तो देश त्या स्पर्धेचा विजेताही झाला. त्याच वर्षी मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये इस्रायलचा संघ बल्गेरियाविरुद्ध चिठ्ठी टाकून बाद ठरला, आणि त्या हळहळीतूनच इस्रायलच्या फुटबॉल संघटनेने पेनल्टी किकांची सूचना पुढे रेटली. म्हणजे ज्या पद्धतीस आज लोक क्रूर जुगार म्हणतात, ती मुळात जुगाराहून काही तरी बरे असावे म्हणून आलेली आहे. तिच्यात निदान खेळाडूच्या पायास काही काम उरते.

आणखी एक मार्ग असतो, आणि तो याच अमेरिकन स्पर्धेत अवलंबिलाही गेला होता. 1989 चा अंतिम सामना कडाक्याच्या थंडीत झाला. जादा डावांवर जादा डाव होऊनही सँटा क्लारा व व्हर्जिनिया या संघांची एकेक गोल अशी बरोबरीच राहिली, आणि दोघांनाही संयुक्त विजेते म्हणून जाहीर करण्यात आले. 1967 व 1968 या सालीही त्या स्पर्धेचे विजेतेपद असेच वाटले गेले होते. हे तेच व्हर्जिनिया, की ज्याने वीस वर्षांनी अ‍ॅक्रनबरोबर वाटून घेता येण्याजोगे विजेतेपद एकट्याने नेले. यात व्हर्जिनियाचा दोष नाही. नियम बदलले होते. पण मग प्रश्न येतो की वाटून देण्याची रीत गेली का? आमच्या मते याचे कारण असे, की ‘दोघेही सारखेच’ हे सत्य असले तरी ते ऐकून घरी जाणे माणसास जड जाते. बघणारास शेवट हवा असतो. करंडक एक असतो, छायाचित्र एक असते.

आणि कित्येक ठिकाणी तर खरोखरीच एक निवडावाच लागतो. निवडणुकीचे काम ज्यांनी केले आहे अशा आमच्या वाचकांना 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे 65 वे कलम ठाऊक असेल. दोन उमेदवारांना समान मते पडली, आणि एका मताच्या भरीने त्यांपैकी एक निवडून येण्याजोगा असला, तर निर्वाचन अधिकाऱ्याने तेथल्या तेथे चिठ्ठी टाकावी असे ते कलम सांगते. महापालिकेच्या निवडणुकीतही रीत हीच. 2017 साली मुंबई महानगरपालिकेच्या एका प्रभागात असा प्रसंग आलाच होता. मते समान निघाली, चिठ्ठी टाकली गेली, एक नगरसेवक झाला व दुसरा घरी गेला. मतदारसंघास दोन अर्धे प्रतिनिधी देता येत नाहीत, तेव्हा हे अपरिहार्यच होय.

परंतु त्या 65 व्या कलमाची शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल तो अधिक लायक, असे कायदा म्हणत नाही. लोकांना तोच हवा होता, असेही म्हणत नाही. कायदा म्हणतो, चिठ्ठी ज्याची निघेल त्यास जणू एक मत अधिक पडले आहे असे धरून पुढील कार्यवाही करावी. या ‘जणू’मध्ये कायद्याचा सारा प्रामाणिकपणा साठविलेला आहे. ते मत पडलेले नाही, हे कायद्यास पक्के ठाऊक आहे. पुढचे काम अडू नये म्हणून ते पडले असे धरावयाचे आहे, एवढेच. फुटबॉलचे दप्तरही हाच प्रामाणिकपणा पाळते. करंडक व्हर्जिनियाच्या हाती देते आणि सामन्याच्या नोंदीत बरोबरी लिहिते. नियम करणारास ठाऊक आहे की निर्णय ही एक गोष्ट, आणि योग्यता ही दुसरी.

हा ‘जणू’ विसरतो कोण? विसरतो आपण. निर्णय लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आपण असे बोलू लागतो की जो जिंकला त्याच्यात काही तरी होतेच, आणि जो हुकला त्याच्यात काही तरी उणे असलेच पाहिजे. आपण त्या उण्याचा शोधही लावतो. ‘ऐन वेळी कच खाल्ली,’ असे म्हणतो. शेवटची किक ज्याच्या पायाकडून हुकली त्या विशीतल्या पोराच्या स्वभावात आपण दुबळेपणा शोधतो, आणि तो आदल्या चार महिन्यांत कोणास दिसला नव्हता हे विसरतो. निर्णयाची सोय म्हणून आलेली गोष्ट आपण योग्यतेचा पुरावा करून टाकतो. आमच्या मते नैतिक दोष तो येथे आहे. शेवटाने निर्णय करण्यात दोष नाही, शेवटावरून माणसाची किंमत करण्यात तो आहे.

यावर कोणी म्हणेल, ही हरलेल्यांची समजूत घालण्याची भाषा झाली. हरला की नशीब, जिंकला की गुण, असे म्हणावयास कोणास आवडत नाही? हा आक्षेप वाजवी आहे, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. अ‍ॅक्रनचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला तोच मुळी दोन दिवसांपूर्वी पेनल्टी किकांच्या कृपेने. नॉर्थ कॅरोलायनाची मुले त्या रात्री अशीच न हरता घरी गेली होती. उपान्त्य फेरीतला कौल जर अ‍ॅक्रनने हक्काने घेतला, तर अंतिम फेरीतला कौल त्यास अन्याय म्हणता यावयाचा नाही. ज्याने एकदा चिठ्ठीचा लाभ घेतला, त्याने दुसऱ्या खेपेस चिठ्ठीस शिव्या देऊ नयेत. आपल्या चाकरीतही हा नियम लावून पाहावा. बढती मिळाली ती कर्तबगारीमुळे आणि अवघड जागी बदली झाली ती कोणाच्या तरी वाईट नजरेमुळे, असे म्हणणारे आपल्यात थोडे नाहीत, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही त्यांतलेच. ‘जणू’ हा शब्द उच्चारावयाचा तर तो आपल्या विजयापुढेही उच्चारला पाहिजे, मगच आपल्या पराजयापुढे उच्चारण्याचा अधिकार पोहोचतो.

आता या हकीकतीचा उत्तरार्ध. पुढच्याच वर्षी, 2010 मध्ये, अ‍ॅक्रन पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचले. या हंगामात त्यांचा एक पराभव झाला होता, म्हणजे आदल्या वर्षीचे अपराजितपण या खेपेस राहिले नव्हते. 12 डिसेंबर 2010 रोजी कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथे त्यांची गाठ लुइव्हिल विद्यापीठाशी पडली. गंमत अशी की या वर्षी न हरता आलेला संघ लुइव्हिलचा होता. अ‍ॅक्रनने उत्तरार्धात एकमेव गोल करून तो सामना जिंकला, आणि त्या रबराच्या गावात राष्ट्रीय विजेतेपद आले. ज्या वर्षी हरले नाहीत त्या वर्षी रिकाम्या हाती परतले, आणि ज्या वर्षी हरले त्या वर्षी विजेते ठरले.

ही हकीकत सांगणारे येथे सुटकेचा श्वास सोडतात. देर आहे, अंधेर नाही, अखेर न्याय झाला, असे म्हणतात. आम्हांस मात्र येथेच थांबावेसे वाटते. न्याय झाला तो कोणाचा? महाविद्यालयीन संघ हा एखाद्या कचेरीसारखा असतो. पाटी तीच राहते, माणसे बदलतात. विद्यार्थ्यास खेळावयास मिळावयाचे ते साधारणतः चार हंगाम. 2009 चे काही खेळाडू शिक्षण संपवून गेले, काही व्यावसायिक संघांनी उचलले. 2010 चा करंडक अ‍ॅक्रन या नावास मिळाला, त्या नावाखाली आदल्या वर्षी घाम गाळलेल्या सर्वांना नाही. विद्यापीठाचे उट्टे निघाले, पण गेलेल्या मुलांचे नाही. आणि लुइव्हिलच्या मुलांचे काय? त्यांच्या अपराजित हंगामाचाही शेवट रिकाम्या हातीच झाला. एवढे खरे की त्यांना हार मैदानावर, खेळाच्या वेळात आणि गोलाने मिळाली. तिच्यापुढे ‘जणू’ लिहावा लागत नाही. पण त्यांच्या आदल्या साऱ्या सामन्यांतील खेळ त्या एका गोलाने खोटा ठरला काय?

संस्थेच्या हिशोबात गेल्या वर्षीची तूट या वर्षी भरून निघते. माणसाच्या हिशोबात ती तशी निघत नाही. म्हणून ‘पुढे केव्हा तरी न्याय होईल’ असे म्हणून आपल्या हातून आज होणारा अन्याय माफ करून घेता येत नाही. हे वाक्य आम्ही सहज लिहिलेले नाही. त्यामागे आमचा स्वतःचा एक प्रसंग आहे, आणि तो सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका दूरच्या राज्यात नेमणुकीवर होतो. आमच्या हाताखाली तिकडचेच एक अधिकारी होते. वयाने आमच्याहून मोठे, बोलण्यास मितभाषी. डोंगराळ भागातील काही गावांच्या पाण्याची योजना त्यांच्याकडे होती. अकरा महिने त्या गृहस्थांनी जे काम केले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. ठेकेदार पळून गेला तर दुसरा शोधणे, नळ टाकावयाच्या जमिनीवरून दोन गावांत वाद पेटला तर रात्री जाऊन समजूत घालणे, पावसाने रस्ता वाहून गेला तर पायी जाणे, यांपैकी काहीच त्यांनी कधी बोलून दाखविले नाही. मार्चअखेरीस मात्र शेवटच्या हप्त्याचे देयक कोषागारात वेळेवर पोहोचले नाही आणि तेवढा निधी व्यपगत झाला. वरून विचारणा झाली. आम्ही त्यांच्या अहवालात एक वाक्य लिहिले. अंतिम टप्प्यात अपेक्षित तत्परता दिसून आली नाही, अशा अर्थाचे ते होते.

ते वाक्य खोटे नव्हते. देयक उशिरा पोहोचले हे खरेच होते. परंतु ती फाइल शेवटच्या आठवड्यात दोन दिवस आमच्याच मेजावर पडून होती, हेही खरे होते, आणि ते आम्ही लिहिले नाही. अकरा महिन्यांविषयी आम्ही ‘काम समाधानकारक’ एवढे दोन शब्द लिहिले होते, आणि शेवटच्या पंधरवड्याविषयी एक संपूर्ण वाक्य. वाचणाऱ्याची नजर अर्थातच त्या वाक्यावर गेली. पुढच्या निवडीत त्यांचे नाव मागे पडले. त्यांनी तक्रार केली नाही, अर्ज केला नाही. आम्ही आमच्या मनास सांगितले की पुढच्या वर्षी चांगला अहवाल लिहू, म्हणजे भरपाई होईल. पुढच्या वर्षी आमची बदली झाली.

पुष्कळ वर्षांनी त्याच राज्यातील एका रेल्वे स्थानकावर ते भेटले. निवृत्त झाले होते. आम्हांस ओळखून स्वतः पुढे आले, प्रकृतीची चौकशी केली, मुलाबाळांची केली. गाडी सुटावयास थोडा अवकाश होता. आम्हांस त्या वाक्याविषयी काही बोलावयाचे होते, पण शब्द सापडेनात. तेच म्हणाले, साहेब, गेल्या महिन्यात त्या गावांकडे गेलो होतो, नळांना अजून पाणी येते. एवढे सांगून त्यांनी नमस्कार केला व ते आपल्या डब्याकडे गेले. त्यांनी हे आम्हांस बोचावे म्हणून सांगितले नाही याची आम्हांस खात्री आहे. आनंदाची बातमी म्हणून सांगितली. बोचली ती म्हणूनच.

त्या दिवशी आम्हांस जे उमगले ते अ‍ॅक्रनच्या हकीकतीने पुन्हा लख्ख केले. शेवट हा हंगामाचा एक भाग आहे. तो सर्वांत ठळक भाग आहे एवढेच, सर्वांत खरा भाग आहे असे नाही. ज्यास निर्णय करावाच लागतो त्याने तो करावा. करंडक एकास द्यावा, जागा एकास द्यावी, गुण द्यावयाचे ते द्यावेत. त्यात त्याचा हात थरथरू नये. परंतु नोंद लिहिताना त्याने दप्तराच्या त्या प्रामाणिक रीतीचे स्मरण ठेवावे. बरोबरी झाली तेथे बरोबरी लिहावी. फाइल आपल्या मेजावर पडली होती तेथे तसे लिहावे. आणि अकरा महिन्यांना अकरा महिन्यांएवढी जागा द्यावी.

आपण सारे घरापासून दूर, परक्या मुलखात, बदलत्या माणसांमध्ये आयुष्याचे हंगाम काढणारी माणसे आहोत. तीन वर्षे एका ठिकाणी, चार वर्षे दुसऱ्या. जेथून निघतो तेथे आपले नाव फलकावर रंगविलेल्या यादीत एक ओळ होऊन राहते, आणि आपल्या मागे आपल्याविषयी जे बोलले जाते ते बहुधा शेवटच्या चार दिवसांविषयीचे असते. ते आपल्या हाती नाही, आणि त्याबद्दल फारसे कुढण्यातही अर्थ नाही. आपल्या हाती आहे ते दुसऱ्यांविषयी लिहिण्याची लेखणी. येत्या एप्रिलात ती पुन्हा उचलावी लागेल. तेव्हा समोरच्या माणसाच्या मार्चपाशी थांबण्यापूर्वी त्याचा आदला एप्रिल, मे, जून आठवून पाहावा, एवढेच आमचे आमच्या वाचकांस, आणि त्यांच्याआधी स्वतःस, सांगणे आहे.